मोरे ईल घरच्या टाकीत पाळावी का? ठाण्यातून एक प्रश्न

घोडबंदरवासी (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतो. गोड्या पाण्यातील मासे पाळण्याचा माझा अनुभव सहा वर्षांचा असला, तरी खाऱ्या पाण्यात मी नवखाच आहे. गेल्या दिवाळीनंतर एका परिचितांकडून त्यांची वापरलेली टाकी घेतली. ती ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २ फूट उंच, म्हणजे सुमारे ३४० लिटरची आहे. खाली सम्प (पाणी गाळण्याची दुसरी टाकी) आणि प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) बसविला असून पाणी आरओचे वापरतो. जिवाणूंचे चक्र, म्हणजे माशांच्या मलातला अमोनिया पचविणाऱ्या जिवाणूंची वस्ती, पूर्ण होण्यास जवळजवळ दीड महिना लागला. आता अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर, नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास आणि खारेपणा दाखविणारे विशिष्ट गुरुत्व १.०२४ आहे. टाकीत दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल आणि दोन क्लीनर कोळंब्या आहेत.

मागच्या रविवारी नेहमीच्या दुकानात एक मोरे ईल, म्हणजे समुद्रातला सापासारखा लांब मासा, पाहिली. (मोरे हे आडनाव नव्हे, हे घरी दोनदा सांगावे लागले.) ती जेमतेम वीतभर लांब असून तिच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आहेत आणि ठिपक्यांमधली पांढरी जागा मधाच्या पोळ्याच्या जाळीसारखी दिसते. दुकानदाराने ती ‘स्नोफ्लेक’ असल्याचे आणि मासा टाकीच्या मापानेच वाढत असल्याचे सांगितले. माझे प्रश्न असे आहेत की, एवढी टाकी तिला पुरेल का, तिला काय खाऊ घालावे, घरात सहा वर्षांची मुलगी असताना असा मासा ठेवणे योग्य आहे का आणि ठाण्याच्या उन्हाळ्यात ती तग धरेल का? आईचा प्रश्न याहून सरळ आहे. जी वाम आपण कालवणात घालतो, ती पाळायची कशासाठी, असे तिचे म्हणणे आहे.

नेरुळ सेक्टरमधला

आपल्या प्रश्नांचा क्रम थोडा बदलावा असे मला वाटते. टाकी पुरेल का, याचे उत्तर ती ईल कोणती आहे यावर अवलंबून आहे आणि आपल्या वर्णनावरून ती स्नोफ्लेक नसावी अशी मला दाट शंका आहे.

स्नोफ्लेक, म्हणजे एकिडना नेब्युलोझा, ही घरगुती टाकीसाठी सर्वांत योग्य मानली जाणारी मोरे आहे. निसर्गात तिची लांबी १ मीटरपर्यंत नोंदलेली असली, तरी टाकीत ती बहुधा ६० ते ७५ सेंटिमीटरवर थांबते. तिच्या अंगावरील काळे डाग कडेला फाटल्यासारखे, झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले असतात आणि त्या काळ्या डागांच्या आत पिवळे ठिपके असतात. तिचा तोंडाकडचा भाग पांढरा असून नाकपुड्यांच्या नळ्या ठळक पिवळ्या असतात. खेकडे आणि कोळंबी फोडून खाणारी असल्याने तिचे दात बोथट असतात.

मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचे वर्णन मात्र जिम्नोथोरॅक्स फॅव्हॅजिनियस या जातीला तंतोतंत लागू पडते. तीही लहानपणी काळी-पांढरी आणि गोंडस दिसते, पण मोठेपणी ती दीड-दोन मीटर सहज गाठते. तिच्या कमाल लांबीची नोंद ३ मीटरची आहे. तिचे दात सुईसारखे असून ती मासे खाते. टाकीच्या मापाने मासा वाढतो, हे दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वाक्य आहे. वाईट पाण्यात आणि अपुऱ्या जागेत माशाची वाढ खुंटते, ती तो आजारी पडतो म्हणून. त्याला टाकीचे माप कळते म्हणून नव्हे. तेव्हा पैसे देण्यापूर्वी विजेरी घेऊन पुन्हा एकदा जावे, नाकपुड्यांचा रंग पाहावा आणि ती तोंड उघडेल तेव्हा दात पाहावेत. तोंड उघडण्यासाठी तिला डिवचण्याची गरज नाही, कारण मोरे सतत तोंड उघडमिट करीतच असते. ते रागाचे लक्षण नसून श्वासोच्छ्वास असतो. तिच्या कल्ल्यांची छिद्रे अगदी लहान आणि गोल असल्याने तोंडातून पाणी घेऊन ते मागे ढकलत राहावे लागते.

आणखी एक गोष्ट आताच विचारून घ्यावी. टाकी वापरलेली आहे, तर जुन्या मालकांनी तिच्यात तांबेयुक्त औषध कधी वापरले होते का? मोरेच्या अंगावर खवले नसतात, केवळ बुळबुळीत थर असतो आणि तांब्याचा तिला फार लवकर त्रास होतो. जुन्या दगडांमध्ये आणि सिलिकॉनमध्ये मुरलेले तांबे पुढे कित्येक महिने पाण्यात उतरत राहू शकते. उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आले नाही, तर तांब्याचा चाचणी संच आणून पाणी तपासावे आणि दगड बदलावेत. नवे दगड घेताना भारतीय समुद्रातून काढलेला प्रवाळाचा ‘लाइव्ह रॉक’ (सूक्ष्म जीव वसलेला दगड) कोणी देऊ केला, तर तो घेऊ नये. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड मिळतात आणि काही महिन्यांत त्यांच्यावरही जिवाणूंची वस्ती होते.

ईल कोणतीही निघो, आपल्या दोन कोळंब्या मात्र आजच दुसऱ्या टाकीत हलविण्याचा विचार करावा. स्नोफ्लेकच्या दृष्टीने त्या सफाई कामगार नसून जेवण आहेत.

खारघर टेकडी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी गेली आठ वर्षे एक स्नोफ्लेक सांभाळत असल्याने झाकणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नव्या माणसाचे सर्वांत मोठे नुकसान तेथेच होते.

माझी ईल आणल्याच्या चौथ्या रात्री टाकीबाहेर पडली. वर काचेचे झाकण होते, पण मागच्या बाजूला पाइप आणि वायर आत सोडण्यासाठी दोन इंचांची फट ठेवली होती. सकाळी सहा वाजता ती चपलांच्या कपाटामागे, केस आणि धूळ चिकटलेल्या अवस्थेत सापडली. ती मेली असेच आम्ही गृहीत धरले होते. ओल्या हातांनी उचलून टाकीतल्याच पाण्याने धुऊन आत सोडल्यावर दहा मिनिटांत ती कल्ले हलवू लागली. अंगावरील थर ओला राहिला, तर हा मासा बाहेर बराच वेळ जगतो. निसर्गातही ती ओहोटीच्या वेळी खडकांवर चढून खेकडे धरते. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिकविलेल्या स्नोफ्लेक ईल उतारावरून पाण्याबाहेर येऊन तेथेच घास गिळत असल्याचे दिसले. बाहेर पडणे हा तिच्यासाठी अपघात नसून स्वभावाचा भाग आहे, हे धरूनच टाकी बांधावी लागते.

पाइपभोवतीच्या फटी मी प्लॅस्टिकच्या जाळीने आणि केबल टायने बंद केल्या आहेत. वरच्या झाकणावर दोन्ही टोकांना वजन ठेवले आहे, कारण अर्धा मीटर लांबीची ईल शेपटी दगडात अडकवून डोक्याने काच सहज उचलते. टाकीतले जादा पाणी सम्पकडे नेणाऱ्या ओव्हरफ्लोच्या तोंडावरही जाळी हवी, नाहीतर एके दिवशी ती पाइपमधून खाली जाऊन स्किमरशेजारी बसलेली दिसेल. नवी ईल पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत अधिक अस्वस्थ असते, तेव्हा त्या काळात साफसफाई करतानाही झाकण उघडे टाकून फोन घ्यायला जाऊ नये.

दगड वाळूवर न रचता थेट टाकीच्या तळावर रचावेत आणि वाळू नंतर पसरावी. ती दगडांखाली उकरते आणि वरचा ढीग तिच्याच अंगावर कोसळतो. दगडांत एक-दोन पीव्हीसी पाइपचे तुकडे लपवून ठेवले, तर ती त्यांतच घर करते. मला वाटते, तिला आपल्या सजावटीपेक्षा तो पाइपच जास्त आवडतो.

वाशीचा जुना छंदी

मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण या छंदात ती कोणी फारशी मांडत नाही.

पंधरा वर्षांपूर्वी मी वाशीच्या घरात एक काळी रिबन ईल आणली होती. तिचे नाव रायनोम्युरेना क्वेसिटा. ही लहानपणी काळी, नर झाल्यावर निळी आणि पुढे मादी झाल्यावर पिवळी होते, हे वाचून मी वेडावून गेलो होतो. विक्रेत्याने ती ‘सगळे खाते’ असे सांगितले होते. तिने दोन महिने माझ्याकडे एकही घास घेतला नाही आणि उपासमारीने ती गेली. नंतर कळले की, ही जात बंदिवासात अन्न नाकारण्यासाठीच प्रसिद्ध आहे आणि अनुभवी लोकही तिच्या वाटेला जात नाहीत.

बाजारात येणाऱ्या मोरे ईल जवळजवळ सर्वच समुद्रातून पकडलेल्या असतात. स्नोफ्लेक दहा वर्षांहून अधिक जगू शकते. या काळात आपली बदली होईल, घर बदलेल, मुलगी शाळा संपवून महाविद्यालयात जाईल. तेव्हा ही ईल कोण घेणार? ठाण्याच्या खाडीत सोडण्याचा विचार कोणी मनातही आणू नये. प्रवाळांच्या आणि खडकांच्या स्वच्छ समुद्रातला हा मासा खाडीच्या गढूळ पाण्यात, पावसाळ्यात क्षारता निम्म्यावर येत असताना जगणार नाही. आणि जगला, तर ते खाडीसाठी अधिक वाईट. पाळू नका असे माझे म्हणणे नाही, पण दुकानातल्या रविवारच्या फेरीत घेण्याची ही वस्तू नव्हे.

घोडबंदरवासी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी विजेरी घेऊन पुन्हा गेलो होतो. नाकपुड्या पिवळ्या नाहीत. काळे ठिपके गोलसर आणि भरीव असून त्यांच्या आत पिवळा रंग अजिबात नाही. तोंड उघडल्यावर आतले दात बारीक आणि टोकदार दिसले. दुकानदाराला हे दाखविले असता, ‘मोठी झाली की परत आणून द्या, आम्ही घेऊ,’ असे उत्तर मिळाले. जुन्या मालकांशीही बोललो. त्यांनी चार वर्षांपूर्वी एकदा तांबेयुक्त औषध वापरल्याचे आठवून सांगितले. मी घाबरलो आहे, हे मान्य करतो.

मुलीच्या सुरक्षिततेविषयी आणि अन्नाविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. स्नोफ्लेकच मिळाली, असे गृहीत धरून सांगावे.

नेरुळ सेक्टरमधला

तर मग ती फॅव्हॅजिनियसच आहे, असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. ती आपल्या टाकीत फार काळ मावणार नाही. परत घेण्याच्या तोंडी आश्वासनाला एक मीटर लांबीच्या आणि सुईसारख्या दातांच्या माशासमोर किती किंमत राहते, ते आपणच ठरवावे. तांब्याविषयी घाबरू नये. चाचणी करावी, दगड बदलावेत, गाळणीचा सक्रिय कार्बन, तसेच तांबे शोषणारे माध्यम सम्पमध्ये ठेवावे आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. आपल्या कोळंब्या जिवंत आणि कात टाकत असतील, तर तेही चांगले लक्षण आहे, कारण कोळंबी तांब्याला ईलपेक्षाही आधी बळी पडते.

चाव्याविषयी थोडे. मोरेची नजर कमजोर आणि वास घेण्याची शक्ती तीव्र असते. कोळंबीचा वास लागलेले बोट तिला कोळंबीच वाटते. ती चावते तेव्हा सहसा सोडत नाही आणि त्याचे कारण तिच्या घशात आहे. बहुतेक मासे तोंड झटकन उघडून पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढतात. अरुंद कपारीत डोके खुपसून शिकार करणाऱ्या मोरेला ते नीट जमत नाही. त्याऐवजी तिच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्याने भक्ष्य धरले की ही दुसरी जोडी मागून पुढे सरकते, ते पकडते आणि अन्ननलिकेत ओढते. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या संशोधकांनी २००७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे उलगडून दाखविले. याचा घरगुती अर्थ असा की, बोट पकडले गेल्यास हिसडा मारू नये, जखम वाढते. ती सोडेपर्यंत हात पाण्यातच स्थिर ठेवावा. जखम कितीही लहान असली, तरी साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, कारण समुद्री पाण्यातील जिवाणूंमुळे जखम चिघळते. स्नोफ्लेकचे दात बोथट असले, तरी हा नियम बदलत नाही. मुलीने लांब चिमट्याने, आपण शेजारी उभे असताना घास द्यावा. टाकीत हात घालण्याचा नियम घरात एकच असावा, तो म्हणजे ‘कोणीही नाही’.

दिवाळे कोळीवाडा

मी स्वतः ईल पाळत नाही. माझा भाऊ पाळतो आणि तिच्या खाण्याचा बाजार मी करते, म्हणून अन्नाविषयी लिहिते.

आपल्या आईंना सांगावे की, वाम आणि मोरे या दोन वेगळ्या कुळांतल्या आहेत. वामेला कल्ल्यांमागे छातीचे पर असतात, मोरेला ते नसतात. कालवणाशी तिचा संबंध नाही.

ताजी, सालासकट कोळंबी, लहान चिंबोरीचे तुकडे, माकूल आणि तिसऱ्यांचे मांस हे तिचे मुख्य अन्न ठेवावे. मीठ किंवा मसाला लावलेले, उकडलेले किंवा चमक येण्यासाठी काही लावलेले घेऊ नये. घरी आणून स्वच्छ धुऊन छोट्या तुकड्यांत विभागावे, गोठवावे आणि लागेल तेवढेच वितळवून द्यावे. एकाच प्रकारावर राहू नये. काही माशांत, शिंपल्यांत आणि कोळंबीत थायमिनेज नावाचे विकर असते. ते जीवनसत्त्व ब-१ नष्ट करते आणि गोठवल्यानेही जात नाही, त्यामुळे सतत तेच खाणारी ईल काही महिन्यांनी मलूल होते. भाऊ आठवड्यातून एकदा तुकड्यांवर जीवनसत्त्वांचे थेंब टाकतो. दुकानातले जिवंत गोल्डफिश खाऊ घालणे मात्र पूर्णपणे चुकीचे आहे. त्यांच्यातही तेच विकर असते आणि ती चरबी समुद्री माशाला मानवत नाही.

लहान ईलला दिवसाआड, मोठी झाल्यावर आठवड्यातून दोनदा पुरते. नवी आणलेली ईल दोन-तीन आठवडे खात नाही आणि त्याने घाबरून जाऊ नये. रात्री दिवे घालवून, चिमट्यात कोळंबी धरून तिच्या पाइपच्या तोंडाशी हलवावी. १ जूनपासून मासेमारी बंद झाली की, ताज्या मालाचा भाव चढतो आणि निवडही कमी होते. भाऊ मे महिन्यातच दोन-अडीच किलो माल गोठवून ठेवतो, म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत चिंता राहत नाही.

खारघर टेकडी

उन्हाळ्याचा प्रश्न राहिला. पाणी २४ ते २७ अंशांत असावे. मे महिन्यात बंद खोलीत, पंपांची आणि दिव्यांची उष्णता धरून माझी टाकी ३१ वर गेली होती. पाण्यावर पंखा लावल्यास दोन-तीन अंश उतरतात, पण बाष्पीभवनाने पाणी रोज काही लिटर कमी होते. ते भरताना साधे आरओ पाणीच घालावे. मीठ मागेच राहिलेले असते आणि खारे पाणी घालत गेल्यास क्षारता चढते. आपल्याकडची हवा दमट असल्याने पंख्याला मर्यादा आहेत आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा तोच प्रसंग येतो. त्यामुळे चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) खर्च ईलच्या किमतीत आधीच धरावा. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंपही घ्यावा, तो फार महाग नाही.

पाणी बदलताना माझा हिशेब असा आहे: पंधरवड्याला ६० लिटर, लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येक वेळी २ किलोहून थोडे अधिक मीठ. मांसाहारी माशामुळे नायट्रेट झपाट्याने वाढते, म्हणून स्किमर टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा.

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता असल्याने एक सूचना. पाणी, दगड, काच, सम्प आणि स्टँड मिळून आपली टाकी ५०० किलोच्या आसपास जाते. निवासी खोलीच्या स्लॅबसाठी साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरतात आणि आपल्या टाकीने व्यापलेली जागा अर्ध्या चौरस मीटरहून किंचितच अधिक आहे. सर्व भार एकाच वेळी सर्व खोलीत नसतो, म्हणून अशा टाक्या घरोघरी उभ्या आहेत. तरीही ती खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईवर, बाहेरच्या भिंतीलगत ठेवावी आणि एकदा इमारतीचे नकाशे पाहून घ्यावेत.

घोडबंदरवासी (प्रश्नकर्ता)

दुकानातल्या त्या ईलला मी नकार कळविला आहे. तांब्याची चाचणी काल केली आणि त्यात अल्प प्रमाण आढळले, तेव्हा सर्व जुने दगड काढून टाकले. क्लाउनफिश, डॅमसेल आणि कोळंब्या तात्पुरत्या दुसऱ्या टाकीत आहेत. टाकी आतापर्यंत खोलीच्या मधल्या भिंतीशी होती. ती रिकामी केल्यावर बाल्कनीच्या बाजूच्या तुळईवर हलविणार आहे. झाकणासाठी काचवाल्याला माप दिले असून पाइपच्या फटी जाळीने बंद करणार आहे.

हा उन्हाळा ईलशिवाय काढण्याचे ठरविले आहे. पंखा लावून दुपारी तीन वाजता आणि रात्री अकरा वाजता पाण्याचे तापमान नोंदवीन आणि मे अखेरीस ते आकडे येथेच देईन. ते २८ च्या खाली राहिले नाहीत, तर आधी चिलर घेईन आणि पिवळ्या नाकपुड्यांची ईल पावसाळ्यानंतर शोधीन.